क्याई सेगाराचा राहून गेलेला टोला

मित्रांनो, या जगात जे जे सुरू होतं, ते माझ्यापाशी येऊन संपतं. सूर कुठेही भटकोत, ढोल कितीही घाईला येवो, बायकांचे गळे कितीही उंच चढोत, शेवटचा शब्द माझा. मी बोललो की संपलं. मी बोललो नाही तर काहीच संपत नाही. माझं नाव क्याई सेगारा. सेगारा म्हणजे समुद्र, तुमच्या सागराचा सख्खा भाऊच म्हणा. आणि क्याई ही पदवी आमच्या जावा बेटावर फार पूज्य माणसांना देतात. राजांच्या कट्यारींना देतात. मलाही दिली आहे.

हे मी तुम्हाला सांगत असताना माझ्या चौकटीवर एक ओली लुंगी वाळत पडली आहे. निळ्या चौकड्यांची. तिचं पाणी माझ्या कपाळावरून ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबतं, विचार करतं आणि मग पडतं.

मी एक जुना गाँग आहे. काशाचा, माणसाच्या कवेत मावणार नाही एवढा, मधोमध फुगवटा असलेला. आमच्या वाद्यांच्या ताफ्याला गामेलान म्हणतात. त्यात वाद्यं पुष्कळ. पट्ट्यांची आहेत, पालथ्या भांड्यांची आहेत, ढोल आहे, सारंगीची एक चुलत बहीण आहे. ती सगळी सतत काहीतरी वाजत असतात. मी मागे टांगलेला असतो आणि फेरा पूर्ण झाला की एकदा बोलतो. मोठ्या संथ रचनेत दोन टोल्यांमध्ये एवढा वेळ जातो की माणसाने चहा करून प्यावा.

माझं आयुष्य धक्क्यांनी बनलेलं आहे, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. तांबं आणि कथील एकत्र वितळवून मला एका गोल भाकरीसारखं ओतलं आणि मग पाच-सहा धट्टीकट्टी माणसं मला दिवसभर घणाने बडवत राहिली. भट्टीत मुद्दाम अंधार ठेवलेला, तापल्या काशाचा रंग नीट दिसावा म्हणून. म्हणजे मला कोण मारतंय हेही कळत नव्हतं. त्यातून आमच्या लोहारांची रीत अशी की गाँग घडवायचा तर आधी उपास करायचा, आणि कामापुरतं जुन्या कथेतल्या राजपुत्रांची नावं घ्यायची, म्हणजे आगीतल्या भुताखेतांना खरा माणूस सापडत नाही. भाता मारणारा सकाळपासून युवराज होता. संध्याकाळी त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "बकऱ्या कोण आणणार, तुझा बाप?" आणि युवराज निमूटपणे बकऱ्या आणायला गेला. जगाविषयी माझं मत तिथेच बनलं.

मला विकत घेतलं बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एकाने. चामड्याच्या बाहुल्या, दिवा आणि पांढरा पडदा. भीम, अर्जुन, सगळी तुमच्या ओळखीचीच मंडळी. त्याची मुलगी वार्सिनी. तिची आई खेळात गेंदेर वाजवायची. गेंदेर म्हणजे नळ्यांवर टांगलेल्या पितळी पट्ट्या. दोन्ही हातांनी वाजवायच्या, आणि ज्या हाताने वाजवायचं त्याच हाताच्या कडेने आधीचा नाद दाबायचा, नाहीतर सगळा गलका होतो. बोलताना मागचं वाक्य गिळत जायचं, तसं. वार्सिनी हे आईच्या मांडीला टेकून शिकली. तिला कोणी शिकवलं नाही आणि तिने कोणाला विचारलं नाही. एके दिवशी आईला ताप आला आणि मुलगी जाऊन बसली. बाहुलीवाल्या बापाला मध्यावर कळलं की आज बायको फारच छान वाजवते आहे.

पुढे तिचं लग्न वाकिदी नावाच्या माणसाशी झालं. हा छत्र्या दुरुस्त करायचा. सासूने विचारलं, जावयाला काय येतं? वार्सिनी म्हणाली, "बसता येतं." सासू म्हणाली, "मग गाँगवर बसवा."

अशी माझी आणि वाकिदीची गाठ पडली. मला धक्का बसला. मी क्याई, आणि माझ्यासमोर छत्रीवाला. पण मित्रांनो, त्याच्या हातात एक गोष्ट होती. गाँगचा टोला बरोबर वेळेवर पडला तर तो शाळेच्या घंटेसारखा लागतो. तो किंचित मागून यावा लागतो, पिकलेलं फळ देठावरून सुटावं तसा. वाकिदीचा तसा यायचा. हे कौशल्य होतं की आळस, हा वाद आमच्या गावात अजून मिटलेला नाही.

त्याचा दोष एकच. दोन टोल्यांच्या मध्ये तो झोपायचा. गाँगवाला झोपतो हे आमच्याकडे सगळे धरूनच चालतात, पण वाकिदी बसल्या बसल्या, मोगरी मांडीवर ठेवून, चेहऱ्यावर गहन चिंतन घेऊन झोपायचा. म्हणून वार्सिनीने एक युक्ती काढली. टोला जवळ आला की ती गेंदेरवर एक छोटीशी गिरकी घ्यायची. तीन सूर खाली, एक झटका वर. ती कुठल्याच रचनेत नव्हती. तिचा अर्थ होता, 'अहो, उठा.' आणि वाकिदी उठायचा.

वर्षं गेली. वार्सिनीला लोक बू म्हणू लागले. बू म्हणजे आईच. तिच्या घरापुढच्या खांबांवरच्या उघड्या मांडवात सगळा ताफा मांडलेला असे आणि तिथे ती शिकवायची. शेजारपाजारच्या बायका, शाळेतली पोरं, टोफूवाला, एक निवृत्त पोस्टमन. पायताणं बाहेर, वाद्य ओलांडायचं नाही, आणि दर गुरुवारी संध्याकाळी माझ्यापुढे फुलं आणि धूप. शिकवायची तिची पद्धत अशी की ती समजावून सांगत नसे. वाजवायची आणि म्हणायची, असं. चुकलं की म्हणायची, असं नाही. परदेशातून एक उंच मुलगी आली, दोन पावसाळे राहिली, सगळं हुबेहूब उचलून गेली. त्यात 'अहो, उठा' ही गिरकीही गेली. ऐकतो की तिकडे समुद्रापलीकडे आता ताफेच्या ताफे ती गिरकी मोठ्या भक्तिभावाने घेतात, आणि तिकडे कोणी झोपलेलंच नसतं.

बू रचनाही करायची. तिच्या बापाला ते पटायचं नाही. नवीन कशाला, तो म्हणायचा, जुन्या संपल्या का? तरी तिने केल्या. शाळेच्या पोरांसाठी बदकांच्या रांगेवर एक केली, भाताच्या लावणीवर एक, आणि शेजारणीची कोंबडी हरवली तेव्हा एक. ती कोंबडीची अजून लग्नात वाजते. प्रत्येक रचना माझ्यापाशी येऊन संपायची. मी तृप्त होतो. तेव्हा माझ्यावर लुंग्या वाळत नव्हत्या.

मग वाकिदी बहिरा झाला.

एकदम नाही. आधी त्याला कोंबडे ऐकू येईनासे झाले, मग मोटारसायकली, मग बायको. बायको ऐकू येत नाही हे इतकी वर्षं तो सोंग करायचा, त्यामुळे खरं झालं ते कोणाला कळलंच नाही. मला आधी कळलं. तो गुडघा माझ्या चौकटीला टेकवून बसू लागला; नाद कानाने नाही, हाडाने घेऊ लागला. त्यानंतर बूला कळलं. तिने त्याचा चहा त्याच्या नजरेसमोर ठेवायला सुरुवात केली, एवढंच.

आणि त्याचा टोला उशिरा येऊ लागला. आधी पिकल्या फळासारखा यायचा, आता सडून पडल्यासारखा. सगळा ताफा पुढच्या फेऱ्याच्या उंबरठ्यावर एक पाय उचलून ताटकळायचा.

याचा सगळ्यात जास्त त्रास मार्गोनोंना. मार्गोनो म्हणजे आमचे ढोलवादक. ताफ्याला चाल देणं ढोलाचं काम, म्हणून तेच प्रमुख. शाळेत मास्तर. देहाने प्रशस्त, त्यावर पगडी, आणि बसायचे ते बरोबर मध्यभागी, गेंदेर आणि माझ्यामध्ये, खिंडीत शिळा पडावी तसे. माणूस वाईट नव्हता. पण सुगीनंतर गावशुद्धीचा सण येत होता, शहरातून कलाखात्याचे पाहुणे येणार होते, आणि तिथे हसं होईल या भीतीने त्यांचं जेवण कमी झालं होतं. म्हणजे त्यांच्या हिशेबाने कमी.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर ते बूजवळ येऊन बसले. आधी हवापाण्याचं बोलले, मग तिच्या तळलेल्या तेंपेचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचं, कौतुक केलं. आमच्याकडे मुद्द्यावर थेट येणं असभ्य समजतात. अखेर म्हणाले, "बू, आमचा गाँग सोलो शहराच्या बससारखा झालाय. येतो, नाही असं नाही. पण तोवर लोक चालत पोचतात."

बू हसली. ते पुढे म्हणाले, वाकिदी आजोबांनी आता विश्रांती घ्यावी, माझ्या जावयाला बसवू, तरुण आहे, गॅरेज सांभाळतो, हात बळकट आहे.

तो बळकट हात दुसऱ्या दिवशी येऊन मला एकदा वाजवून गेला. टायरमध्ये हवा आहे की नाही हे बघतात, तसा. मला जो धक्का बसला, मित्रांनो, तो घणांनीही बसला नव्हता.

वाकिदी त्या वेळी अंगणात कोणाचीतरी छत्री घेऊन बसला होता. त्याला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याचं गाँगवरचं बसणं गेलं असतं तर त्याच्याकडे काय उरलं असतं? छत्र्या आता कोणी दुरुस्त करत नाही, नवी आणतात. बू त्याच्याकडे पाहत राहिली. मग मार्गोनोंना निरोप पाठवला की सणाला मी नवी रचना देते आहे, तोवर माणसं बदलू नका.

मला वाटलं, आता माझ्या मित्राचं भलं होणार. बू दोन आठवडे गेंदेरवर वाकून बसली होती. भात करपला, मांजर उपाशी राहिलं. मग एके दुपारी तिने सगळ्यांना बोलावलं आणि रचना समजावली. पहिल्यांदाच समजावली, एरवी 'असं' म्हणून मोकळी व्हायची. ही गोष्ट एका तळ्याची, ती म्हणाली. वारा येतो, पाणी हलतं, वारा जातो, पाणी थांबतं. सूर एकेक करत गळत जातील. शेवटी फक्त गेंदेर. मग तेही नाही.

"आणि गाँग?" पोस्टमनने विचारलं.

"गाँग नाही."

मित्रांनो, मी काशाचा आहे म्हणून तडकलो नाही, एवढंच. गाँग नाही. हे म्हणजे वाक्य आहे पण पूर्णविराम नाही, लग्न आहे पण अक्षता नाहीत, अंत्ययात्रा आहे पण... असो. सिनाह नावाची आमची म्हातारी गायिका, जिने आयुष्यात कशाचंच आश्चर्य मानलं नव्हतं, तिच्या तोंडातला विडा तसाच राहिला.

"मग थांबायचं कसं?" ती म्हणाली.

"आपण थांबलो की थांबायचं."

"आपण थांबलो हे कळणार कसं?"

मार्गोनोंच्या पगडीखाली मात्र हिशेब चालला होता: गाँगच नाही, तर उशिराही नाही. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, धाडसी आहे, आधुनिक आहे, पाहुण्यांना आवडेल.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिने मला गप्प बसवलं होतं ते त्याला उठवायला लागू नये म्हणून. तो नेहमीच्या जागी बसणार, मोगरी मांडीवर, जाकीट घालून, सगळ्या गावासमोर. आणि त्याला कोणी हसणार नाही, कारण चुकायला काही ठेवलंच नव्हतं. मी रागावणं सोडून दिलं. धक्का मात्र तसाच राहिला, आतल्या आत घुमत.

बूने वाकिदीला हातवारे करून सांगितलं. तुम्ही बसा. नुसते बसा. तो प्रसन्नपणे म्हणाला, "बसतो की. बसण्यात माझा हात कोण धरणार?"

सणाच्या दिवशी मला बांबूला टांगून, केळीच्या घडांबरोबर टेम्पोत घालून गावच्या मोठ्या सभामंडपात नेलं. माझ्या पदवीचा कोणी विचार केला नाही. मंडपात मधोमध भाताचा उंच पिवळा ढीग, भोवती अंडी, कोंबडी, शेंगा, मिरच्या. सगळं गाव चटयांवर. पाहुणे खुर्च्यांवर, कारण त्यांच्या विजारी घट्ट होत्या. आणि आमच्या गावची रीत, जी बू रचनेच्या नादात साफ विसरली होती, ती अशी की शेवटचा गाँग वाजला की मौलवी प्रार्थना म्हणतात, आणि प्रार्थना झाली की भाताला हात लावायचा. त्याआधी नाही. भुकेने मेलं तरी नाही.

रचना सुरू झाली. सुंदर होती, मी खोटं कशाला बोलू. वारा आला, पाणी हललं. सिनाहचा म्हातारा गळा पाण्यावरच्या चतुरासारखा फिरला. मग सूर गळू लागले. पट्ट्या थांबल्या, भांडी थांबली, ढोल थांबला. शेवटी बूची गेंदेर राहिली, आणि मग तीही थांबली.

आणि काहीच संपलं नाही.

पाहुण्यांनी टाळी वाजवली नाही, कारण गावाने वाजवली नाही. गावाने वाजवली नाही, कारण गाव वाट पाहत होतं. मौलवी तोंड अर्धवट उघडून माझ्याकडे बघत होते. पुढच्या रांगेतल्या बायकांचे हात भाताच्या ढिगाच्या दिशेने निघून मध्येच अडकले होते. पोरं तर श्वास धरून बसली होती. शांतता वाढत गेली, अवघडली, आता फुटेल अशी झाली. बूचा चेहरा मी पाठीमागून कसा बघणार? पण तिचे खांदे मी ओळखतो. आयुष्यभर सभेत वाजवलेली बाई, तिला दरदरून घाम फुटला होता. तिने रचना केली होती, आणि संपवायला कोणी ठेवलं नव्हतं.

मार्गोनोंना वाटलं, झालं आपलं. ढोल बाजूला करायला ते खाली वाकले.

आणि बूच्या हातांना ते सहन होईना. तिने ठरवलं नव्हतं, हे मी माझ्या काशाची शपथ घेऊन सांगतो. हात आपोआप गेले. तीन सूर खाली, एक झटका वर. अहो, उठा.

बहिऱ्या माणसाला काय ऐकू येणार? पण वाकिदीने मोगरी उचलली आणि मला वाजवलं.

मित्रांनो, आयुष्यात मी असा बोललो नाही. तो नाद मंडपाच्या खांबांतून फिरला, पिवळ्या भाताच्या ढिगाला हलवून गेला, वरचं एक अंडं घरंगळलं, आणि लाटेवर लाट येत, येत, तो नाद शेतांकडे निघून गेला. मौलवींनी सुटकेचा असा सुस्कारा टाकला की तीच अर्धी प्रार्थना झाली. गाव भातावर तुटून पडलं.

पाहुण्यांपैकी एकजण बूजवळ आले. डोळे पाणावलेले. म्हणाले, टोल्याआधीची ती शांतता, ते धाडस. एवढं लांबवायचं कसं सुचलं? बू म्हणाली, "ते आमच्या ह्यांचं काम."

रात्री सगळं आवरून झाल्यावर मला घरी परत टांगलं. बू वाकिदीच्या समोर बसली आणि ओठ मोठे हलवत विचारलं, कसं कळलं वाजवायचं? वाकिदीने आधी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना. मी होतो, पण मला कोण मोजतो. मग हळू आवाजात, म्हणजे बहिऱ्याचा हळू आवाज, तिसऱ्या घरापर्यंत जाणारा, तो म्हणाला, "तू शेवट विसरलीस. म्हणून मीच वाजवला. होतं असं म्हातारपणी, मनाला लावून घेऊ नको."

बूने पुन्हा ओठ हलवले. ते ठीक, पण कळलं कसं?

"तुझा अंबाडा हलला," तो पुढे म्हणाला. "वर झटका मारलास की तो डोलतो. कान गेले तेव्हापासून मी त्याच्यावरच वाजवतो. पण दिसत नाही नीट. तो मार्गोनो मध्ये बसतो, त्याच्या पगडीच्या पलीकडे मान काढेपर्यंत उशीर होतो. आज वाकला म्हणून दिसला."

माझ्यासारख्या अनुभवी गाँगलाही हा शेवटचा धक्का पेलवेना. मी कोणी न वाजवता थोडा घुमलो. तिला वाटत होतं कान. मार्गोनोंना वाटत होतं म्हातारपण. गावाला वाटत होतं झोप. आणि सगळं अडलं होतं एका पगडीवर. बूने तोंडाला पदर लावला. आधी ती हसत होती, मग पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण तिने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी तिने मार्गोनोंना हातभर डावीकडे सरकायला सांगितलं. ते म्हणाले, बू, माझे आजोबा इथेच बसायचे. बू म्हणाली, "तुमचे आजोबा बारीक होते." ते सरकले. आता टोला पुन्हा पिकल्या फळासारखा पडतो, आणि जावई गॅरेजमध्ये सुखी आहे. तळ्याची रचना अजून वाजते. शेवटी शांतता, मग गिरकी, मग मी. ती शांतता किती धरायची हे अंबाड्यालाच माहीत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडेही कोणी जुनं असेल. घंटा असेल, माणूस असेल. उशिरा बोलायला लागलं म्हणून त्याला अडगळीत टाकू नका. आधी बघा, मध्ये कोण बसलंय. आम्हाला फार काही लागत नाही. गुरुवारी दोन फुलं, थोडा धूप, आणि शेवटी एकदा बोलायची संधी.

आणि कधी आमच्या गावाकडे आलात, तर वाकिदीला सांगून एवढी लुंगी काढायला लावा. दोरी आहे अंगणात, चांगली लांब आहे. मीच सांगितलं असतं, आणि रोज सांगतोही, पण त्याला ऐकू येत नाही.